एका बोटाएवढा आवाज

नागपुरातल्या रॉकच्या आठवणी गोळा करायला मी लागलो, ते एका लग्नात झालेल्या अपमानामुळे. मुलीकडचे एक पाहुणे पुण्याचे होते. जेवताना बोलणं निघालं तेव्हा मी सांगितलं की आता माझं महाल भागात भांड्यांचं दुकान आहे, पण आधी मी एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचो. "कुठे?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "इथंच. नागपुरात." ते हसले. "नागपुरात रॉक?" एवढंच म्हणाले आणि भरीत घ्यायला पुढे सरकले. माझं डोकं लवकर सटकतं, हे घरच्यांपासून शेजारच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मी गोड न खाताच घरी आलो आणि बायकोला म्हणालो, आता एकेकाला पकडून बोलतं करतो, मग बघू कोण हसतं.

दुकान बंद असेल त्या दिवशी मी जुन्या वाजवणाऱ्यांच्या घरी जायला लागलो. कोणी विमा विकतो, कोणी शाळेत गणित शिकवतो. एक जण नरखेडकडे मोसंबीची बाग बघतो आणि आपली गिटार कुठे गेली हे त्याला आठवतही नाही. मी फोन टेबलावर ठेवायचो, रेकॉर्डिंग सुरू करायचो आणि म्हणायचो, बोल. सुरुवातीला लाजतात, मग असे सुटतात की आवरत नाहीत. प्रत्येकाचा बँड शहरातला पहिला. प्रत्येकाच्या कार्यक्रमात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्या कार्यक्रमात मी स्वतः स्टेजवर बसून समोरच्या रिकाम्या खुर्च्या पाहिल्या होत्या, तिथंही म्हणे गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. मी टोकत नाही. टोकलं की माणूस गप्प होतो, आणि मला तर बोलणंच हवं होतं.

एक पद्धत मात्र मी सोडली नाही. बोलणं संपलं की सुरुवातीचा थोडा भाग मी त्याच माणसाला ऐकवतो. "हा माझा आवाज नाही," असं प्रत्येक जण म्हणतो. आमच्या गिटारवाल्याने तर सगळं पुन्हा बोलायचा हट्ट धरला, कारण त्याला स्वतःचा आवाज फारच बायकी वाटला. तरी मी ऐकवतोच. माल दाखवून दिला की नंतर कटकट होत नाही, हा माझा दुकानदारी स्वभाव.

या सगळ्या थापाड्यांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, आणि ती गोष्ट म्हणजे आमच्या बँडचा गायक. जे आमच्याशी भांडले होते, ज्यांनी आमची पोस्टरं फाडली होती, तेही त्याचा विषय निघाला की आवाज खाली आणून बोलायचे. "तसा आवाज पुन्हा झाला नाही गा," गणिताचा मास्तर म्हणाला. हा मास्तर आयुष्यात कोणाबद्दल बरं बोललेला मी ऐकला नाही.

तो खापरखेड्याचा. वडील वीज केंद्रात होते, घर कॉलनीत. आधी बसने यायचा, पुढे वडिलांच्या मोटरसायकलवर. आमची प्रॅक्टिस आमच्याच भांड्यांच्या गोदामात चालायची. मी ड्रम थांबवला तरी रॅकवरची पातेली, ताटं, डबे थोडा वेळ वाजतच राहायचे, आणि गिटारवाला चिडून म्हणायचा, तुझ्या खानदानालाच ताल नाही. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर लागतो. आमच्याकडे तो नव्हता. मग हा पठ्ठ्या लग्नाच्या स्वयंपाकाचा एक मोठा गंज, म्हणजे खोल पातेलं, स्टुलावर आडवा ठेवायचा आणि त्यात जवळजवळ डोकं घालून गायचा. एकदा माझे बाबा तोच गंज गिऱ्हाइकाला दाखवायला आले, आत नाक घातलं आणि ओरडले, "कोण थुंकलं बे यात?" कोणी थुंकलं नव्हतं. तो वास खर्र्याचा होता.

बाहेरच्या माणसाला खर्रा समजावून सांगावा लागतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीवर घेऊन पानठेल्यावाला तो तळहाताखाली घोटत राहतो, आणि मग त्याच पन्नीची पुडी बांधून हातात देतो. चिमूटभर गालात धरायचा आणि कामाला लागायचं. नागपुरात माणूस चहाला नाही म्हणेल, खर्र्याला म्हणणार नाही.

आमच्यात कोणीतरी कुठंतरी वाचलं होतं की परदेशातले रॉक गायक दारू आणि सिगरेटने आवाज खरबरीत करून घेतात. दारूचा घरी वास येणार आणि वास आला की मार. सिगरेटचंही तेच. खर्र्याला मात्र कोणाच्याच घरी बंदी नव्हती, कारण घरोघरी बापच खायचे. मग आमच्या अकलेने शोध लावला की कार्यक्रमाच्या आधी खर्रा गालात धरला की गळा पकतो. आता त्याचा गळा आईच्या पोटातूनच तसा आला होता. तो कॉलेजात पहिल्यांदा गायला तेव्हा त्याने खर्रा चाखलाही नव्हता. पण श्रेय गेलं खर्र्याला. गाण्यासाठी खर्रा खायचा, ही चूक दुसऱ्या कोणत्या शहरातल्या पोरांच्या डोक्यात आली असती असं मला वाटत नाही.

तो डाव्या गालात खर्रा धरायचा, म्हणून माईक तोंडाच्या उजव्या कोपऱ्याशी तिरपा लावायचा. बाजूला थुंकायला रिकामी बाटली. दोन-तीन कार्यक्रम झाले नाहीत तोच बाकीच्या बँडचे पोट्टे तस्साच तिरपा माईक धरायला लागले. ज्यांच्या तोंडात काही नव्हतं तेसुद्धा. आणि मग त्यांच्याही तोंडात यायला लागला. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये लोक हे अभिमानाने सांगतात, "आमची नागपूरची स्टाईल होती गा ती." ऐकताना मला फोन भिंतीवर फेकावासा वाटतो. मी स्वतः खात नव्हतो, पण त्यात माझं शहाणपण काही नव्हतं. मला त्याने गरगरायचं आणि ताल चुकायचा.

एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगला आमचं गाणं चालू असताना लाईट गेली. गिटार मेल्या, माईक मेला. जनरेटरवाला जेवायला गेला होता. अंधारात मी ड्रमवर नुसता ठेका धरून बसलो, आणि हा स्टेजच्या कडेला जाऊन तसाच गात राहिला. मागच्या रांगेतल्या पोरांनी नंतर मला सांगितलं की शब्द न् शब्द ऐकू आला. मी पाठीमागे बसून ऐकत होतो. अंगावर काटा येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगतो, त्यानंतर ड्रम वाजवताना मला पुन्हा तसा आनंद झाला नाही.

त्या आवाजाचं रेकॉर्डिंग एकही नाही. जे होतं ते गिटारवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये होतं, आणि तो कॉम्प्युटर त्याच्या भावाने भंगारात देऊन टाकला. काही मोबाईलवर काढलेले व्हिडिओ आहेत. त्यात नुसता माझा ड्रम फाटतो आणि मध्येच कोणीतरी आरडाओरड करतं.

बँड तुटला त्याला काही मोठं कारण नव्हतं. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली. तो खापरखेड्यालाच एका ठेकेदाराकडे रात्रपाळीच्या कामाला लागला. आमचं बोलणं दिवाळीच्या फोनपुरतं उरलं. आठवणी गोळा करताना मी त्याला मुद्दाम शेवटी ठेवला होता, ताटातला आवडीचा पदार्थ शेवटी खावा तसा.

गिटारवाल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात कुकरचं झाकण बदलून देत होतो. "त्याले तोंडाचा कॅन्सर निघाला बे," तो म्हणाला. "सोमवारी ऑपरेशन आहे. जीभ काढतात म्हणे. जबड्याचा तुकडाही." मी विचारलं, बोलता येईल का? "आवाज निघन म्हणते डॉक्टर. पण काय बोलून राहिला ते समजणार नाही."

समोरच्या बाईला मी चुकीचं झाकण दिलं. ती परत आली तेव्हा तिच्यावरच खेकसलो. राग कोणावर काढावा ते सुचत नव्हतं.

शनिवारी दुपारी मी खापरखेड्याला गेलो. वडील निवृत्त झाल्यावर कॉलनीतलं घर सुटलं होतं. आता तो गावातल्या दोन खोल्यांत राहत होता. दारातल्या तुळशीच्या पानांवर राख बसली होती, वीज केंद्राच्या धुराड्यांची. दार त्याच्या बायकोने उघडलं. मला ती भाऊजी म्हणते, मी तिला वहिनी. ती एका शिवणाच्या कारखान्यात कामाला जाते, पण त्या आठवड्यात तिने सुट्टी काढली होती.

तो पलंगावर बसून पातळ वरण नळीने पीत होता. गाल आत गेले होते, पण डोळे तेच खोडकर. मी काही विचारायच्या आधीच त्याने तर्जनी दातांत घातली आणि मला दाखवली. तोंड तेवढंच उघडत होतं, एक बोट मावेल इतकं. खर्र्याने गाल आतून हळूहळू आवळत जातात, कातडं ताठ होतं. ते काही वर्षांपासून चाललं होतं. गाठ नंतर आली, आणि गाठ आल्यावरही हा सहा-आठ महिने कोणाला बोलला नाही.

"बस बे," तो दात न उघडता म्हणाला. शब्द कळत होते, पण सगळे दाबून निघाल्यासारखे, चपटे. "तू मले शेवटी ठेवलं होतं म्हणे ना? पाह्य, शेवटीच आला तू. आता सोमवारपर्यंत जे विचारायचं ते विचार. मग तू बोलत जा आन् मी मुंडी हालवत जाईन."

मी फोन पलंगावर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. बाकी सगळे जिथे थापा मारायला लागतात तिथेच हा एकटा खरं बोलला. लाईट गेली त्या कार्यक्रमाला किती गर्दी होती, विचारलं. "काहाची गर्दी? अर्ध्या खुर्च्या खाली होत्या. जे होते ते नाश्त्याची वाट पाहून राहिले होते." मी म्हटलं, पण मागच्या रांगेत ऐकू आलं ना. "हां," तो म्हणाला, "ते खरं आहे. ते मलेही माहीत होतं."

मग मी माझ्या डोक्यात इतके दिवस बसलेला प्रश्न काढला. "खर्र्यानं आवाज पकत होता का बे खरंच?"

"नाही गा. गाताना अर्धं ध्यान थुंकीवर राहे. खर्रा नसता तर अजून चांगला गायलो असतो."

"मग काहून खात होता?"

त्याने नळी बाजूला ठेवली. "तुम्ही सगळे म्हणत होते का त्यानंच होते. गिटारवाला म्हणे, मास्तर म्हणे, समोरचे पोट्टे म्हणत. मलेही वाटे का नसंल होत. पण सोडला आन् आवाजच गेला, त? मंग मी काय करू? दुसरं काय होतं माझ्यापाशी?"

गाणं सुटल्यावर तरी सोडायचा, मी म्हटलं. तो म्हणाला, "रात्रपाळीत कोण सोडते?" आणि हसायला गेला, पण त्याला हसताही येईना. दुखलं असावं, कारण गालाला हात लावून बसून राहिला. माझ्या मनात आलं की उठावं आणि नागपुरातला एकेक पानठेला उलथवून यावं. पण पानठेल्यावाल्याने कुठे सांगितलं होतं गळा पकतो म्हणून? ते आम्हीच सांगितलं होतं, आणि आम्ही आपले तेव्हा मूर्ख होतो, बस.

इतका वेळ त्याची बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. लग्नानंतर तिने त्याला स्टेजवर कधीच पाहिलं नव्हतं. ती आत आली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमचं झालं असंल तर आता माझं घ्या."

"तुझं काय?" तो म्हणाला.

"पोरीसाठी. तिले हाक मारलेली. अभ्यास कर म्हणून रागावलेलं. वाढदिवसाचं. तिचं लग्न होईन तेव्हाचं. तुमच्या तोंडानं."

तो भडकला. "मी मरून राहिलो का वं?"

"मरून कशाले राहाल? पण बोलणं बंद होणार ना? डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मीच होती ना तिथं?" ती रडत नव्हती. पदराला हात पुसत होती, ते कोरडे असूनही. "तिनं मोठी झाल्यावर मले विचारलं, बाबांचा आवाज कसा होता, त मी काय सांगू? मी गाऊन दाखवू?"

त्याने मान खाली घातली. म्हणाला, "बरं. बोलाव तिले."

मुलगी शेजारच्या घरी खेळत होती. पाच वर्षांची असेल, दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. मला बघून दारातच थांबली. मी विचारलं, काय गं, कोणत्या वर्गात? तिने उत्तर दिलं आणि मला हसू आलं. ती दात घट्ट मिटून बोलत होती. ओठ तेवढे हलत होते, शब्द दाबून, चपटे. मला वाटलं, बापाची नक्कल करून दाखवते आहे.

"तोंड उघडून बोल!" तो एकदम ओरडला. "किती वेळा सांगितलं? नाटकं करते!"

मुलीने तसेच दात मिटून म्हटलं, "मी उघडूनच बोलून राहिली."

बायकोने मला हळू आवाजात सांगितलं. शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं होतं, मुलीचं बोलणं वर्गात कोणाला कळत नाही म्हणून. डॉक्टरांनी तिचे दात, जीभ, टाळू, सगळं तपासलं. काही दोष नव्हता. तोंड व्यवस्थित उघडत होतं, आ करून दाखवायची. बोलायला लागली की मिटायची. "ते रागावतात तिले," ती म्हणाली, "रोजच रागावतात. पण ऐकत नाही."

तो मुलीकडे बघत नव्हता. मला म्हणाला, "चल, घे." मी फोन जवळ धरला. त्याने मुलीला मांडीवर ओढलं आणि दोन वाक्यं बोलला. काय बोलला ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. पुढे बोलवेना, गाल ठणकायला लागला. थोडं थांबू या, मी म्हटलं. आणि तेवढ्या वेळात, सवयीप्रमाणे, मी रेकॉर्डिंग सुरुवातीपासून लावलं.

फोनमधून आधी माझा प्रश्न आणि मग त्याचा आवाज आला, "काहाची गर्दी? अर्ध्या खुर्च्या..."

त्याच्या कपाळाला आठी पडली. "हे कोण बोलून राहिलं?"

"तूच की."

"नाही बे." तो फोनवर वाकला. मला वाटलं, हाही आता सगळ्यांसारखं म्हणणार, हा माझा आवाज नाही. त्याच्या कानाला आतून त्याचा जुनाच आवाज ऐकू येत असणार. तोंड आवळत गेलं ते इतकं हळूहळू की त्याला कळलंच नव्हतं, बाहेर काय निघतं ते. फोनमधला माणूस दात मिटून, चपटा, दाबलेला बोलत होता, आणि तो ऐकत होता. मग त्याने मान वळवून मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं.

"हे तर हिचं बोलणं आहे," तो म्हणाला.

"हिचं नाही," बायको म्हणाली. "तुमचं आहे. मी दिवसभर कारखान्यात. तुम्ही रात्रपाळी करून दिवसा घरी. ती तुमच्यापाशीच बोलायले शिकली." तिच्या आवाजात दोष नव्हता. तिला वाटत होतं, त्याला हे माहीत आहे.

त्याला माहीत नव्हतं. मुलीला रोज रागावताना त्याला एकदाही वाटलं नव्हतं की ती फक्त त्याच्यासारखं बोलते आहे. ज्या माणसाचा आवाज ऐकून शहरातल्या पोरांनी माईक तिरपा धरला, त्याच्या पोरीने त्याचं मिटलेलं तोंड उचललं होतं. मी फोन बंद केला. त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. आल्यापासून मी त्याला दुखणं सोसताना पाहिलं होतं, पण इतका हरलेला असा तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

त्याने मुलीला खाली उतरवलं, जा खेळ म्हणून हाताने खुणावलं. ती गेल्यावर मला म्हणाला, "डिलीट कर."

"काय?"

"सगळं. बँडचं, हिच्यासाठी बोललो ते, सगळं."

"डोकं फिरलं का बे तुझं? तुझं हे एकच रेकॉर्डिंग आहे जगात."

"म्हणूनच. घरात राह्यलं त ती ऐकत बसन. आन् अशीच बोलत राहीन जन्मभर."

बायको मध्ये पडली. "मी लपवून ठेवीन. मोठी झाल्यावर देईन."

"तू नाही ठेवणार. ती रडली का लावून देशील. मी ओळखत नाही का तुले?"

"मग तिच्याजवळ तुमचं काय राहीन?" ती आता ओरडली. "सांगा ना, काय राहीन?"

मी म्हटलं, फोन माझा आहे, मी महालात नेऊन ठेवतो, कोणालाही देणार नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ही उद्या फोन करून रडन, आन् तू पाठवशील. तू वरून चिडका आहे, आतून तुपासारखा." हे त्याचं खरं होतं. मी भांडलो. नागपूरच्या रॉकचा इतिहास आहे हा, वगैरे मोठमोठं बोललो. तो नुसता हात पुढे करून बसला. शेवटी मी त्याच्या डोळ्यांदेखत रेकॉर्डिंग काढून टाकलं. "कचऱ्याच्या डब्यातूनही काढ," तो म्हणाला. फोनमध्ये काढलेलं आधी तिथे जाऊन पडतं, हे त्याला ठाऊक होतं. मी तिथूनही काढलं. त्याची बायको स्वयंपाकघरात निघून गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्याच्या चेहऱ्याची एक बाजू आत बसली होती आणि तो पाटीवर खडूने लिहून बोलत होता. बाहेर बाकावर बसल्यावर वहिनींनी मला सांगितलं की शनिवारी मी निघाल्यापासून सोमवारी सकाळी आत नेईपर्यंत तो मुलीशी एक शब्दही बोलला नव्हता. बोलायला दीड दिवस शिल्लक होता आणि त्याने तो खुणा करण्यात घालवला. मुलीला वाटलं, बाबा आपल्यावर चिडले आहेत. ती रविवारी रात्री रडून झोपली. "मी किती सांगितलं," वहिनी म्हणाल्या, "निदान जाताना तरी हाक मारा म्हणून. नाही मारली. आता थोडा आवाज निघते घशातून. पण तोही तिच्यासमोर काढत नाहीत. तिनं उचलला तर, असं पाटीवर लिहितात."

मी त्यांना चहा आणून दिला. त्यांनी तो तसाच गार होऊ दिला.

त्यानंतर बरेच महिने गेले. त्याला घरी नेलं, रेडिएशनचे शेक दिले, तो हळूहळू खुर्चीत बसायला लागला. मी मधूनमधून दुपारी जाऊन यायचो, मुलगी तेव्हा शाळेत असायची. आम्ही क्रिकेट बघायचो. रेकॉर्डिंगचा विषय मीही काढला नाही आणि त्यानेही नाही. बाकीच्या वाजवणाऱ्यांच्या घरी जाणं मी बंद केलं होतं. त्यांच्या थापा ऐकायची माझी इच्छाच उरली नव्हती.

परवा दिवाळीचा फोन केला. एका मुलीने उचलला. "हॅलो, कोण बोलून राहिलं?" स्वच्छ, मोकळं, एकेक अक्षर सुटं. मला वाटलं, नंबर चुकला. मी माफ करा म्हणून ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "काका? ओळखला मी तुमचा आवाज. थांबा, आई देते." दुकानात दिवाळीची गर्दी होती आणि मला भरून आलं.

वहिनी फोनवर आल्या. आधी फराळाचं, दिवाळीचं बोलणं झालं. मग मी म्हटलं, किती छान बोलते हो पोरगी. "हो ना," त्या म्हणाल्या. "शाळेतल्या बाई सारख्या कौतुक करतात. घरी हेच शिकवतात तिले, न बोलता. समोर बसवून तिच्या हनुवटीले बोट लावतात, मोठं उघड म्हणून. तोंड मिटलं का टेबलावर टिचकी मारतात. आता मिटतच नाही ती. गातेसुद्धा."

"बरं झालं," मी म्हटलं. मला खरंच बरं वाटलं होतं.

मग त्या कोणत्या तरी खोलीत गेल्या असाव्यात, कारण मागचा टीव्हीचा आवाज बंद झाला. "भाऊजी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुमच्या फोनमध्ये खरंच काहीच नाही राहिलं का? दोन शब्द? आतापर्यंत तिच्या बोलण्यात होता त्यांचा आवाज. आता घरात कुठंच नाही ऐकू येत."

"नाही वहिनी. त्यानं माझ्याकडून..."

"माहीत आहे मले. तरी एकडाव पाहा ना."

"पाहतो," मी म्हणालो, आणि फोन ठेवून दिला.